प्रांताच्या वेशीवर अडलेला विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की घरोघर एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो म्हणजे मुलाला गुण किती पडले हा होय. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या राज्याबाहेर शिकावयास जावयाचे आहे, किंवा दोन वर्षे बाहेर काढून पुन्हा स्वतःच्या राज्यात परतावयाचे आहे, त्याच्या भवितव्याचा निकाल पुष्कळदा गुणपत्रिका हाती येण्याच्या कितीतरी आधी, आणि गुणांशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टींवरून लागलेला असतो. त्याने दहावी कोणत्या राज्यात दिली, बारावी कोणत्या राज्यात दिली, त्याचे वडील कोणाच्या चाकरीत आहेत आणि त्याच्या घरच्या कपाटात कोणकोणते दाखले आहेत, यांवरच त्याच्यासमोरचे दार उघडे की बंद हे ठरते. आणि हे सारे ठरते त्या वेळी तो मुलगा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा असतो व आपण कसला निर्णय घेत आहोत याची त्याला किंवा त्याच्या आईबापांना बहुधा दादही नसते.

या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते प्रारंभीच स्पष्ट करतो. प्रत्येक राज्याने आपल्या खजिन्यातून चालविलेल्या महाविद्यालयांत आपल्या मुलांसाठी जागा राखून ठेवाव्यात, यात मला गैर काही वाटत नाही. परंतु आपले मूल कोणते, हे ओळखताना परीक्षेच्या ठिकाणाला अंतिम पुरावा मानणे आणि त्याविरुद्ध दुसरा कोणताही पुरावा ऐकून घेण्याचे नाकारणे हा अन्याय आहे. आणि हा अन्याय ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्याच पदरी पडतो, हे त्याचे सर्वांत खेदजनक अंग आहे.

उदाहरणाने ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. देगलूर, बिलोली, किनवट या बाजूच्या कुटुंबांना पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे. निजामी राजवटीपासून तेथे येणेजाणे, सोयरीक, बाजारहाट चालत आलेली आहे. कोणाची मावशी तेथे असते, कोणाचे काका तेथे नोकरीस असतात, आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची कसून तयारी करून घेणारी कनिष्ठ महाविद्यालयेही तेथे पुष्कळ आहेत. देगलूरला जन्मलेली, तेथेच दहावी झालेली, वडिलांचे तेथेच कापडाचे लहानसे दुकान असलेली एखादी मुलगी अकरावी-बारावीसाठी मावशीकडे हैदराबादला राहिली, नीटच्या परीक्षेत तिने उत्तम गुण मिळविले आणि ती महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागावयास आली, तर काय होते? तिच्याजवळ तहसीलदारांच्या सहीचे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र असते. त्या प्रमाणपत्रासाठी तिच्या वडिलांनी सेतू केंद्रात शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, विजेचे बिल, तलाठ्याचा रहिवासी दाखला आणि प्रतिज्ञापत्र अशी कागदपत्रांची चळत जोडलेली असते, आणि हे कुटुंब पंधराहून अधिक वर्षे महाराष्ट्रात राहत आहे अशी खातरजमा सरकारनेच करून घेतलेली असते. तरीही राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांच्या यादीत तिचे नाव येत नाही. कारण अधिवासाच्या दाखल्याखेरीज दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असल्या पाहिजेत, अशी अट आहे. मग ती तेलंगणाकडे वळते. तेथे स्थानिक उमेदवार ठरण्यासाठी त्याच राज्यात सलग चार वर्षे शिक्षण झालेले असावे लागते आणि हिची तर दोनच वर्षे झालेली असतात. आपल्या राज्याने तिला परकी ठरविले, शेजारच्या राज्याने तिला आपली म्हटले नाही. आता तिच्यासाठी उरल्या त्या साऱ्या देशातील मुलांसाठी मिळून ठेवलेल्या १५ टक्के जागा.

या नियमाला अपवाद मुळीच नाहीत असे नाही. सरकारी नोकरीत किंवा सैन्यात असलेल्या आईवडिलांची बदली झाल्यामुळे ज्या मुलांचे शिक्षण बाहेर झाले, त्यांच्यासाठी सवलती आहेत आणि त्या असावयासच हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली मीनाक्षी मलिक यांच्या प्रकरणात, सरकारने परदेशी पाठविलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांना दिल्लीतच शेवटची दोन वर्षे शिकल्याची अट लावणे अनुचित ठरविले होते. परंतु बदली काय केवळ सरकारच करते? खाजगी कारखान्यातील फोरमन, बँकेच्या कंत्राटावरील कारकून, ऊसतोडीसाठी किंवा बांधकामासाठी सहा-सहा महिने परमुलखात जाणारा मजूर, यांनाही पोटासाठी गाव सोडावे लागते. आणि त्यांच्या मुलांच्या हाती बदलीचा हुकूम नसतो एवढ्याच कारणाने त्यांचा हक्क बुडतो. ज्याच्या मागे सरकारी शिक्का आहे त्याची अडचण खरी आणि ज्याच्या मागे तो नाही त्याची अडचण खोटी, असा भेद कोणत्याही न्यायबुद्धीला पटण्यासारखा नाही.

याहूनही विपरीत गोष्ट अशी की, हा नियम प्रामाणिकपणाला शिक्षा करतो. जो विद्यार्थी आपल्या तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात नाव तेवढे घालून ठेवतो, हजेरीपटावरील सोय करून घेतो आणि प्रत्यक्षात ती दोन्ही वर्षे राजस्थानातील कोट्याच्या शिकवणीवर्गात काढतो, त्याची बारावी कागदोपत्री महाराष्ट्रातच झालेली असते व त्याचा हक्क शाबूत राहतो. आणि जो विद्यार्थी जेथे शिकतो तेथेच सरळपणे नाव घालतो व तेथूनच परीक्षेस बसतो, तो मात्र आपल्याच राज्यात परका ठरतो. दोघेही दोन वर्षे बाहेर राहिले, दोघांचीही घरे येथेच आहेत; फरक एवढाच की एकाने खरे लिहिले. ज्या नियमामुळे खोटे लिहिणाऱ्याचा लाभ व खरे लिहिणाऱ्याची हानी होते, त्या नियमाचा फेरविचार व्हावयास हवा, हे सांगण्यास कायद्याच्या पंडिताची गरज नाही.

कायद्याने या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून केलेला आहे. इंदूर येथील महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हाच्या मध्यभारत राज्याबाहेरील विद्यार्थ्यांकडून शिकवणीच्या फीखेरीज कॅपिटेशन फी घेतली जात असे आणि राज्यातील रहिवाशांना ती माफ असे. दिल्लीचे रहिवासी असलेले डी. पी. जोशी यांनी याविरुद्ध दाद मागितली. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे, निवासावरून नव्हे; आणि राज्याने आपल्या रहिवाशांना शिक्षणात काही साहाय्य करणे गैर नाही. पुढे १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यांच्या सूचीतून समवर्ती सूचीत आला. परंतु राज्याराज्यांतील कुंपणे खाली येण्याऐवजी उंचच होत गेली, आणि काही ठिकाणी तर वैद्यकीय महाविद्यालयांतील सर्वच्या सर्व जागा स्थानिकांसाठी राखून ठेवण्यापर्यंत मजल गेली.

१९८४ साली डॉ. प्रदीप जैन यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने या वृत्तीला लगाम घातला. भारताच्या नागरिकाचा अधिवास एकच, आणि तो म्हणजे भारत, ही गोष्ट त्या निकालात ठासून सांगण्यात आली. सर्व जागा स्थानिकांना राखून ठेवणे घटनाबाह्य ठरविण्यात आले. आणि काही वाटा साऱ्या देशासाठी खुला असलाच पाहिजे असे बंधन घालण्यात आले. नंतरच्या फेरविचारात हा खुला वाटा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील पदवी अभ्यासक्रमाच्या १५ टक्के जागांवर स्थिरावला आणि आज नीटच्या प्रवेशात जो अखिल भारतीय वाटा म्हणून ओळखला जातो तो हाच. अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, चंदीगडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासंबंधीच्या तन्वी बहल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणातील निवासावर आधारलेले आरक्षण समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याने रद्द ठरविले. पदवीच्या पातळीवर मात्र अशा आरक्षणाला काही मर्यादेपर्यंत आधार आहे हेही मान्य केले. सात दशकांच्या या वाटचालीचा मथितार्थ असा की, राज्याला आपल्या रहिवाशांकडे पाहण्याचा अधिकार आहे. परंतु ज्ञान जसजसे वरच्या पायरीवर जाते तसतसा प्रांताचा दावा दुबळा होत जातो.

राज्यांची बाजूही तितक्याच सहानुभूतीने पाहिली पाहिजे. एखादे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभारण्यास व चालविण्यास जो पैसा लागतो तो त्या राज्याच्या करदात्यांचा असतो. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट अशा भागांत डॉक्टर मिळत नाहीत ही वस्तुस्थिती आहे, आणि येथील भाषा व येथील माणसे जाणणारा डॉक्टर येथे टिकण्याचा संभव अधिक, हा युक्तिवाद खोटा नव्हे. महाराष्ट्रातही विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे भाग पाडून ७० टक्के जागा त्या त्या विभागातील मुलांना आणि ३० टक्के साऱ्या राज्याला, असे सूत्र वर्षानुवर्षे चालत होते. २०२० साली ते रद्द झाले तेव्हा मराठवाड्यात समाधान व्यक्त झाले, कारण तेथील मुले अधिक आणि तेथील महाविद्यालये कमी, अशी तक्रार जुनीच होती. आपल्या राज्याच्या आत विभागाचे कुंपण अन्यायाचे आहे हे ज्यांना पटले, त्यांनी राज्याच्या वेशीवरील कुंपणाचाही त्याच मनाने विचार करावयास हवा.

आणि डॉक्टर खेड्यात राहावा हाच हेतू असेल, तर त्यासाठी बारावीच्या परीक्षेचे ठिकाण हे साधन फारच कच्चे आहे. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यास एक वर्ष शासकीय सेवा करावी लागेल, असा बंध महाराष्ट्रात आहेच. तो कसोशीने अमलात आणला, तर हेतू थेट साधतो. वांद्र्याच्या किंवा कोथरूडच्या मुलाने दहावी-बारावी महाराष्ट्रात दिली म्हणून तो धडगावला जाऊन राहील याची कोणतीही हमी नाही. उलट देगलूरची मुलगी हैदराबादला दोन वर्षे राहिली म्हणून ती देगलूरला विसरेल असेही नाही.

दोन आघाड्यांवर अर्ज करणाऱ्यांचा प्रश्न खरा आहे. एकाच विद्यार्थ्याने दोन राज्यांत अधिवासाचे दाखले काढावेत आणि दोन्ही ठिकाणी हक्क सांगावा, असे प्रकार घडत असत. त्यांना आळा घालण्यासाठीच परीक्षेच्या ठिकाणाची अट कडक होत गेली. परंतु आज साऱ्या देशाची परीक्षा एकच आहे, अर्ज एकाच यंत्रणेकडे भरला जातो आणि प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद एकाच दप्तरात असते. अर्ज भरतानाच विद्यार्थ्याने कोणत्या एका राज्याचा रहिवासी म्हणून हक्क सांगावयाचा ते शपथेवर लिहून द्यावे, ती निवड पुढे बदलता येऊ नये, आणि खोटे आढळल्यास प्रवेश रद्द व्हावा, एवढी तजवीज पुरेशी आहे. ज्या काळी राज्याराज्यांची दप्तरे एकमेकांशी बोलत नव्हती, त्या काळासाठी केलेली अट आता चालू ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

परीक्षेच्या ठिकाणावरून आपलेपणा ठरत नाही, हे महाराष्ट्र शासनाने स्वतःच एका बाबतीत मान्य केलेले आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर या सीमाभागातील ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राने हक्क सांगितला आहे, तेथील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांनी शिक्षण कर्नाटकात घेतले असले तरी त्यांच्यासाठी अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत स्वतंत्र वर्ग ठेवलेला आहे. ही तरतूद योग्य आहे आणि ती करताना शासनाने जे तत्त्व स्वीकारले तेच मी येथे मांडत आहे: कोणत्या राज्याच्या मंडळाने गुणपत्रिका दिली यापेक्षा मूल कोणाचे आहे हे अधिक महत्त्वाचे. बेळगावच्या मुलाला जो न्याय आपण राजकीय कारणासाठी देतो, तो देगलूरच्या मुलीला केवळ न्याय म्हणून देण्यास हरकत काय असावी? तिकडे गोव्याच्या सीमेवर दुसरेच चित्र दिसते. सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा येथील रुग्ण दुखणे वाढले की वर्षानुवर्षे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जात आले आहेत. परंतु त्याच गावातील मुलाला त्या महाविद्यालयात शिकावयाचे असेल तर अखिल भारतीय वाट्याखेरीज त्याला वाट नाही. लोकांचे जीवन ज्या सीमा सहज ओलांडते, त्या सीमांपाशी विद्यार्थी मात्र थांबविला जातो.

अमेरिकेतही हा प्रश्न आहे आणि तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांना तो चांगला ठाऊक आहे. तेथील राज्य विद्यापीठे परराज्यातील विद्यार्थ्याकडून कित्येक पटींनी अधिक फी घेतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपेल हिल विद्यापीठात प्रथम वर्षाच्या वर्गात परराज्यातील विद्यार्थी १८ टक्क्यांहून अधिक नसावेत असा दंडक आहे. परंतु कनेक्टिकट राज्याने जेव्हा असा कायदा केला की, बाहेरून अर्ज केलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच समजला जावा, मग तो तेथे खरोखर स्थायिक झालेला का असेना, तेव्हा १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा टिकू दिला नाही. राज्याने रहिवासी आणि परका असा भेद करावा. परंतु आपण रहिवासी आहोत हे सिद्ध करण्याची संधीच विद्यार्थ्याला नाकारू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. आपल्याकडे नेमकी हीच संधी नाही. देगलूरच्या मुलीने सात-बारा दाखविला, मतदारयादी दाखविली, वडिलांच्या दुकानाचा परवाना दाखविला, तरी तिच्यापुढे जो कारकून बसलेला असतो त्याला त्यांपैकी एकही कागद पाहण्याचा अधिकार नसतो.

जातीच्या दाखल्याच्या बाबतीत ही सीमा आणखी कठोर होते. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या एका विद्यार्थ्याचे, मर्री चंद्रशेखर राव यांचे, प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले होते. त्यांची जमात आंध्र प्रदेशात अनुसूचित होती, परंतु वडिलांच्या नोकरीनिमित्त कुटुंब मुंबईत आल्यामुळे महाराष्ट्रात त्यांना त्या सवलतीचा लाभ मिळू शकला नाही, आणि १९९० साली न्यायालयाने तीच भूमिका कायम केली. त्यामागील कारण असे की, एखाद्या समाजाचे मागासलेपण त्या त्या प्रांतातील सामाजिक परिस्थितीशी निगडित असते. कारण समजण्यासारखे आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, दलित किंवा आदिवासी कुटुंबातील मुलाला परराज्यात जाण्याचे धाडस दुप्पट महाग पडते. केंद्रीय संस्थांत त्याचा दाखला चालतो, दुसऱ्या राज्याच्या संस्थांत चालत नाही. इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत तर राज्याची यादी वेगळी, केंद्राची यादी वेगळी आणि दाखल्याचा नमुनाही वेगळा. आणि हा भेद पुष्कळ पालकांच्या लक्षात येतो तो अर्जाची मुदत संपावयास दोन दिवस उरले असताना.

या सर्व कुंपणांना एक दरवाजा मात्र आहे, आणि तो पैशाचा. अभिमत विद्यापीठांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याचा वाटा नसतो. तेथे देशातील कोणत्याही कोपऱ्यातील विद्यार्थी येऊ शकतो, मात्र वर्षाला लाखो रुपये मोजावे लागतात. ज्याच्या वडिलांची ऐपत आहे त्याला पुणे, मंगळूर, चेन्नई, भुवनेश्वर सारखेच. म्हणजे एक भारत, एक अधिवास हे न्यायालयाचे वचन प्रत्यक्षात श्रीमंतांच्या मुलांच्या बाबतीत पूर्णपणे पाळले जाते, आणि दुकानदाराच्या, शिक्षकाच्या, मजुराच्या मुलाला मात्र आपण कोणत्या मुलखाचे आहोत याची पदोपदी आठवण करून दिली जाते.

दोन्ही हितांचा मेळ घालता येतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, यांत निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांना आणि निम्म्या इतर राज्यांतील विद्यार्थ्यांना दिल्या जातात. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत विदर्भातील मुलाच्या शेजारच्या खोलीत ओडिशाचा किंवा बिहारचा मुलगा राहतो. त्यामुळे नागपूरचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही. नवोदय विद्यालयांत तर नववीतील काही मुले एक वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातील विद्यालयात पाठविली जातात. चौदा वर्षांच्या मुलाला परप्रांतात पाठविणे ज्या शासनाला राष्ट्रीय एकात्मतेसाठी आवश्यक वाटते, त्याच शासनाला अठरा वर्षांच्या मुलाचे परप्रांतात राहणे संशयास्पद का वाटावे?

केंद्रीय विद्यापीठांची गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण तेथे आपल्या मुलांच्या शक्यता खरोखर वाढलेल्या आहेत आणि आपण त्यांचा पुरता लाभ घेत नाही. पूर्वी दिल्ली विद्यापीठात बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळे. प्रत्येक राज्याच्या मंडळाची गुण देण्याची रीत वेगळी असल्याने २०२१ साली काही महाविद्यालयांची प्रवेशमर्यादा थेट १०० टक्क्यांवर जाऊन पोहोचली, आणि हात आखडून गुण देणाऱ्या मंडळांच्या मुलांना तेथे उभेही राहता आले नाही. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाली. ती १३ भाषांत घेतली जाते आणि त्यांत मराठी आहे. दिल्ली, बनारस, हैदराबाद, पुदुच्चेरी येथील विद्यापीठांचे मार्ग या एका परीक्षेने मोकळे होतात. फी खाजगी विद्यापीठांच्या मानाने अत्यल्प असते. अडचण अशी की, हिचा अभ्यासक्रम केंद्रीय मंडळाच्या पाठ्यपुस्तकांना धरून आहे आणि राज्य मंडळाच्या मुलाला वेगळी तयारी करावी लागते. शिवाय महाराष्ट्रात केंद्रीय विद्यापीठ एकच, वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. त्यामुळे आपल्या शाळांतून, शिकवणीवर्गांतून आणि वर्तमानपत्रांतूनही या परीक्षेचा म्हणावा तितका गवगवा होत नाही. इतिहास, अर्थशास्त्र, भाषा, भौतिकशास्त्र यांची खरी आवड असलेल्या मराठी मुलाला परराज्यातील उत्तम विद्यापीठाचे दार आज पूर्वीपेक्षा अधिक उघडे आहे, हे त्याला अकरावीतच सांगणारा कोणीतरी हवा.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी की, दहावीचा निकाल लागताच, अकरावीचे नाव घालण्याआधी, एक दिवस या विचारासाठी राखून ठेवावा. मुलाला पुढे कोठे जावयाचे आहे, त्या ठिकाणचे नियम काय म्हणतात, बारावी कोठे दिल्याने कोणता हक्क राहतो व कोणता जातो, हे छापील माहितीपुस्तिकेत वाचावे. ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर विसंबू नये. अधिवासाचे प्रमाणपत्र, उन्नत व प्रगत गटात नसल्याचा दाखला, जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात, हे सारे वेळेवर काढून ठेवावे. जूनच्या पावसात तहसील कचेरीपुढे लागणाऱ्या रांगेत जे पालक उभे असतात, त्यांपैकी पुष्कळांचे काम आदल्या दिवाळीत सहज होऊ शकले असते.

परंतु दाखल्यांच्या या साऱ्या खटाटोपात ज्या मूळ गोष्टीचा आपल्याला विसर पडतो ती ही की, परप्रांतात जाऊन शिकणे ही या देशाची जुनी रीत आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा अंमल कराचीपासून धारवाडपर्यंत चालत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, जन्म महू येथे, शिक्षण सातारा व मुंबई येथे आणि शिष्यवृत्ती बडोदे संस्थानची. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली त्यांना अमेरिकेस पाठविताना शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार करून घेतला, परंतु त्यांची मॅट्रिक कोणत्या मुलखात झाली याची अट घातली नाही. महाराजांनी संस्थानचे हित पाहिलेच, आणि ते पुढील सेवेच्या रूपाने पाहिले. आपले आजचे नियम मात्र मागील परीक्षेच्या ठिकाणाला चिकटून बसले आहेत.

आणखी एक उदाहरण नागपूरचे आहे आणि ते प्रत्येक महाराष्ट्रीयाने अभिमानाने सांगावे असे आहे. १९३८ साली हैदराबाद संस्थानात वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरणाऱ्या विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकले, तेव्हा कुलगुरू केदार यांच्या नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्या येथे प्रवेश दिला. ती मुले नागपूरच्या इलाख्यातील नव्हती. त्यांची भाषा कोणाची तेलुगू, कोणाची मराठी, कोणाची कानडी होती. आणि एका बलाढ्य संस्थानाने त्यांच्यावर रोष धरला होता. त्या काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक वरंगळकडचा तरुण पुढे नागपूर व पुणे येथे शिकला, मराठी उत्तम शिकला, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली, आणि १९९१ साली तो या देशाचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह राव यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो. एका परप्रांतीय विद्यार्थ्याला दिलेल्या जागेतून दोन भाषांना व एका देशाला काय मिळू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

तेव्हा मागणी एवढीच आहे. महाराष्ट्राने वैद्यकीय प्रवेशातील दहावी-बारावीच्या ठिकाणाची अट अंतिम न मानता, ज्या मुलाचे किंवा त्याच्या आईवडिलांचे दीर्घ वास्तव्य येथे आहे त्याला ते सिद्ध करण्याची संधी द्यावी, आणि ही संधी सरकारी नोकराच्या मुलाइतकीच मजुराच्या मुलालाही असावी. राज्यातील विद्यापीठांनी कला, विज्ञान व वाणिज्य या शाखांत एक निश्चित वाटा परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी जाहीर करावा, त्यांच्यासाठी परवडणारी वसतिगृहे बांधावीत, आणि शेजारच्या राज्यांशी बोलणी करून आपल्या मुलांसाठी तेथेही तसाच वाटा मिळवावा. यांतील पहिली गोष्ट करण्यास एक पैही लागत नाही. पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील एक परिच्छेद बदलला की पुरे. प्रवेशप्रक्रियेचे नियम दरवर्षी नव्याने छापले जातात. ते छापखान्यात जाण्यापूर्वी लोकप्रतिनिधींनी, कुलगुरूंनी आणि पालकसंघटनांनी हा प्रश्न शासनापुढे मांडला, तर ज्या मुली आज अकरावीचे नाव घालीत आहेत त्यांना दोन वर्षांनी आपल्याच राज्यात परक्यासारखे उभे राहावे लागणार नाही.